आक्कांचा रोजचा उपास

कळंबला ज्या लॅबमध्ये मी काम करते तिथं सकाळी सातपासून माणसं रक्त द्यायला येतात. पूर्वी मी खुर्चीत बसलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारायचे, "उपाशीपोटी आलात ना?" माणूस 'व्हय' म्हणायचा. मग मी विचारायचे, "चहा?" तर म्हणायचा, "चहा घेतलाय की. चहाला काय होतंय?" एका आजोबांनी तर चहात दोन पाव बुडवून खाल्ले होते आणि तरी ते उपाशी होते, कारण भाकरीला हात लावला नव्हता. आम्ही लॅबमधली माणसं यावर हसायचो. आता मी तो शब्दच वापरत नाही. "काल जेवल्यापासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं ते सगळं सांगा," असं विचारते. लोक वैतागतात. एक बाई म्हणाली, "पोलीस ठाण्यात आल्यासारखं वाटतंय." वाटू दे. हा प्रश्न विचारायची सवय मला चंद्रकलाआक्कांमुळं लागली.

आक्का येरमाळ्यात आमच्या शेजारी राहायच्या. मधे एक भिंत, आणि भिंतीला मी लहान असल्यापासून एक वीट निघालेली. त्या विटेच्या जागेतून वाटी-चमचा, काडेपेटी, निरोप असं सगळं इकडून तिकडं जायचं. नवरा फार लवकर गेला होता. एक मुलगी, वैशाली, ती लग्न होऊन पुण्याला. आक्का ब्लाउज शिवायच्या. येरमाळ्यातल्याच नाही, आसपासच्या चार-पाच गावांतल्या बायका त्यांच्याकडं यायच्या आणि महिना महिना थांबायच्या, पण दुसरीकडं जायच्या नाहीत.

याचं कारण म्हणजे आक्का टेप वापरत नव्हत्या. टेप होता, गळ्यात अडकवलेला असायचा, पण तो मंगळसूत्रासारखा, नुसता असायचा. "टेप लावला की बाई श्वास आत घेती," त्या म्हणायच्या. "खोटं माप देती. मग घरी जाऊन जेवली की हुका तुटत्यात आन शिव्या मला." म्हणून बाई आली की आक्का तिला आधी बसवायच्या, सासरचं विचारायच्या, हसवायच्या, वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगायच्या. बाई डबा काढायला हात वर करायची तेवढ्यात आक्कांचं माप झालेलं असायचं. त्या डब्यात काही नसायचं. बोलताना ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळं त्यांचं अर्धं बोलणं टाचण्यांच्या मधून गाळून यायचं आणि बाहेरगावच्या बायकांना ते समजायला दोन-तीन खेपा लागायच्या.

साठी आली तरी डोक्यात एक पांढरा केस नव्हता. गल्लीतल्या बायकांचा यावर विश्वास नव्हता. "आक्का, कंचा रंग लावता?" कुणीतरी विचारायचंच. आक्का टाचण्या न काढता सांगायच्या, "काळा."

दुसरी गोष्ट म्हणजे आक्का सांगितल्याप्रमाणं करायच्या. अगदी सांगितल्याप्रमाणं. त्यात आपल्या मनाचं काही घालायचं नाही आणि काही काढायचंही नाही. शाळेच्या गॅदरिंगला मावळ्यांचा नाच होता, वीस पोरं. नाच बसवणाऱ्या गुरुजींनी कापडाचा गठ्ठा आणून टाकला आणि सांगितलं, "आक्का, वीस अंगरखे. सगळे सारखे दिसले पाहिजेत." आक्कांनी वीस अंगरखे शिवले, सगळे सारखे, एकाच मापाचे. चौथीतली पोरं त्यात बुडाली आणि सातवीतल्या दोघांच्या काखा पहिल्याच उडीला फाटल्या. गुरुजी रागानं आले. आक्का मशीनवरून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "गुरुजी, सारखे म्हणला व्हता का न्हाय?"

"अहो, दिसायला सारखे."

"मग तसं सांगायचं. सांगणाऱ्यानं नीट सांगावं की. म्या काय तुमच्या मनात बसले व्हय?"

नाच झाला. लोकांना वाटलं ते बुडालेले मावळे मुद्दामच ठेवले आहेत, आणि लोक फार हसले.

आता माझं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं माझ्याआधी कुणी नाही. बाबा मार्केट यार्डात हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या रानात जायची. मी बार्शीला बी.एस्सी. केलं, मग लातूरला लॅबचा डिप्लोमा. हे मी मिरवते, आणि मिरवण्यासारखं आहे म्हणूनच मिरवते. त्यात आक्कांचा वाटा असा, की मी पाचवीत असल्यापासून त्या मला दिसेल ते इंग्रजी वाचायला लावायच्या. दोऱ्याच्या रिळावरचं, सुयांच्या पाकिटावरचं, ब्लाउजच्या रुबिया कापडाच्या काठावर छापलेलं. "वाच संगे, काय लिव्हलंय." मी वाचायचे. मग म्हणायच्या, "म्हंजे काय?" एकदा काठावर 'मर्सराइज्ड' असं होतं. मला काय माहीत मर्सराइज्ड म्हणजे काय. पण येत नाही म्हणायची मला तेव्हाही लाज वाटायची. मी सांगितलं, "म्हणजे लई चांगलं." त्यानंतर कितीतरी वर्षं आक्का गिऱ्हाइकांना सांगायच्या, "हे घे, मर्सराइज आहे. लई चांगलं असतंय." मी बी.एस्सी.ला असताना त्याचा खरा अर्थ मला कळला, सोड्याच्या पाण्यातून काढून चकाकी आणलेलं सूत. तो मी त्यांना सांगितला नाही.

उपासांचं सांगायचं राहिलं. सोमवार महादेवाचा, मंगळवार येडेश्वरीचा, म्हणजे आमच्या गावच्या येडाईचा. गुरुवार कुणाचा ते त्यांनाही आठवत नव्हतं, पण एकदा धरला होता म्हणून चालू होता. शिवाय चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. आक्कांच्या घरात साबुदाणा भिजलेला नाही असा दिवस मी लहानपणापासून क्वचितच पाहिला. त्यांची शेंगदाण्याची आमटी आणि भगर अशी व्हायची, की मला उपास नसताना मी विटेच्या जागेतून ओरडून सांगायचे, "आक्का, मलापण उपास हाय." पलीकडून उत्तर यायचं, "व्हय का? मग सकाळी कांद्याचा वास कुणाच्या तोंडाला येत होता?" पण वाटी यायची.

आजार कळला तो माझ्याच लॅबमध्ये. लघवीतून रक्त जात होतं आणि त्यांनी ते दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. सोलापूरला नेलं. डाव्या किडनीत गाठ. ऑपरेशन करून किडनी काढली. शुद्धीवर आल्यावर आक्का मला म्हणाल्या, "एका बाहीचा ब्लाउज झाला म्हणायचा माझा." दीड वर्ष चांगलं गेलं. मशीन पुन्हा सुरू झालं, टाचण्या पुन्हा तोंडात गेल्या. मग खोकला आला आणि फुप्फुसांवर डाग दिसले.

सोलापूरचे डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. त्यांनी सांगितलं की आता ऑपरेशन नाही, सलाईन नाही, एक गोळी आहे. गाठीला जे रक्त पुरतं ते ही गोळी तोडते. रोज घ्यायची, घरीच, आणि लागू पडते तितके दिवस घेत राहायची. आक्का खुश झाल्या. "बीपीच्या गोळीसारखीच की मग," म्हणाल्या.

"तशी साधी नाही," डॉक्टर म्हणाले. "कशी घ्यायची ते फार नीट समजून घ्या. जेवणाच्या आधी एक तास, किंवा जेवणानंतर दोन तास..." मग त्यांनी बाहेरच्या गर्दीकडं पाहिलं. "असं करा, बाहेर बसा. सिस्टरकडं चित्रांचा तक्ता आहे. ती समजावून सांगेल, अर्धा तास लागेल."

मी म्हणाले, "सर, गरज नाही. मी बी.एस्सी. डी.एम.एल.टी. आहे. मी समजावते त्यांना."

डॉक्टर हसले. "मग प्रश्नच नाही," म्हणाले.

ते वाक्य मला इतकं आवडलं की सोलापूरहून येरमाळ्यापर्यंत मी ते मनात घोळवत आले. गाडीची घाई होती असं मी पुढं स्वतःला सांगत राहिले. गाडीची घाई नव्हती. अर्ध्या तासानं दुसरी गाडी होती.

घरी आल्यावर गोळ्यांच्या डबीतला कागद उलगडला. बारीक इंग्रजी, उशीच्या खोळीएवढा कागद. आक्का समोर पाय पसरून बसल्या. "वाच." मी वाचलं, सोडलं त्यातलं बरंच, आणि कटिंगच्या खाकी कागदावर जाड स्केचपेननं तीन ओळी लिहून मशीनच्या वर भिंतीला चिकटवल्या. गोळी रोज उपाशीपोटी घेणे. खाडा करू नये. पपनस खाऊ नये. एक तास आधी, दोन तास नंतर, हे मी गाळलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला एवढा घोळ कशाला. उपाशीपोटी म्हणलं की त्यात सगळं आलं.

आक्कांनी मला तो कागद तीनदा वाचायला लावला. मग विचारलं, "रोज?"

"रोज, आक्का. एक दिवस चुकवायचा नाही."

"एकादशी-चतुर्थीचं ठीक हाय. पण रोजच उपाशी?"

"रोजच. उपाशीपोटीच लागू पडते ती."

"किती दिवस?"

"कायम."

आक्कांनी कागदाचं सुटलेलं टोक अंगठ्यानं दाबून बसवलं. मग म्हणाल्या, "बरं. धरते."

धरते. गोळी कुणी धरत नाही, गोळी घेतात. धरतात तो उपास. मी मराठवाड्यात जन्मले, हा शब्द मला शिकावा लागला नाही. तो माझ्या कानावरून गेला, आणि मी स्केचपेनचं टोपण शोधत होते.

गोळी लागू पडली. दोन-अडीच महिन्यांत खोकला गेला. केस पांढरे व्हायला लागले, भुवयांसकट. ते गोळीनं होतं हे मला माहीत होतं, मी तसं सांगितलं. रंगाचं विचारणाऱ्या बायका आता काही विचारत नव्हत्या, तर आक्काच म्हणायच्या, "आता विचारा की कंचा रंग." तळहातांची कातडी सोलायला लागली, कात्री धरवेना, तर त्यांनी कात्रीच्या कड्यांना मऊ चिंधी गुंडाळली. जुलाब व्हायचे. वजन उतरलं. रविवारी लॅबला सुट्टी असायची म्हणून मी त्यांच्याकडं जायचे, तेव्हा समोर खिचडीची ताटली असायची, नाहीतर भगर. मला त्यात काय विशेष वाटणार? आक्का आणि साबुदाणा मी जन्मापासून बघत होते. हातात ताटली, आणि पलीकडं पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची डबी.

मी विचारायचेही. लॅबमधल्या सवयीनं विचारायचे. "आक्का, गोळी उपाशीपोटीच घेता ना?"

"व्हय तर."

"चहा वगैरे काही नाही ना?"

"उपासाला म्या चहा घेत न्हाय, तुला ठावं हाय की."

माझं समाधान व्हायचं. एकदा म्हणाल्या, "येडाईचे उपास एवढी वर्सं धरले, पण ह्या गोळीचा उपास लई कडक हाय गं." मी हसले. मला वाटलं आक्कांची गंमत.

गोळी सुरू केल्यानंतर काढलेल्या छातीच्या पहिल्या फोटोत डाग लहान झाले होते. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं. आक्कांनी स्क्रीनला हात लावून नमस्कार केला.

मग डोळे पिवळे झाले. रक्त मीच काढलं, मशीनवर मीच लावलं. लिव्हरचा आकडा जिथं असायला हवा त्याच्या कितीतरी पट वर होता. मी सॅम्पल पुन्हा लावलं. तोच आकडा. डॉक्टरांनी फोनवर गोळी बंद करायला सांगितलं. काही आठवड्यांनी आकडा उतरला, गोळी सुरू केली, आकडा चढला, पुन्हा बंद. असं दोनदा झालं. डॉक्टर म्हणायचे, "काहींना सोसत नाही. गोळी बरोबर घेताहेत ना?" मी म्हणायचे, "अगदी बरोबर. मी स्वतः लक्ष ठेवून आहे."

तिसऱ्यांदा गोळी सुरू झाली तेव्हा रमजान चालू होता. आमच्या पलीकडच्या घरी रशीदाचाची राहते. तिच्या नवऱ्याचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. आक्का आणि चाची बरोबरीच्या, तीस वर्षं एकमेकींना टोमणे मारून जगलेल्या. चाची पूर्ण महिना रोजे करते, आणि रोज संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळेला एक ताटली आक्कांकडं आणते. त्या दिवशी मी लॅबमधून आले होते आणि आक्कांच्या उंबऱ्यात बसले होते. चाचीनं खजूर आणि भजी आणली, ताटली खाली ठेवली. अजून अजान व्हायची होती.

आक्का म्हणाल्या, "मला न्हाय चालत. उपास हाय."

"फिर उपास?" चाची म्हणाली. "आक्का, तुमचं बी नवलच हाय. दुपारी आले तवा हे एवढी खिचडी, वर केळं, वर दूध. आन म्हणती उपाशी. उपाशी म्हंजे पानी बी न्हाय. थुंकी बी गिळायची न्हाय. तुमचा उपास म्हंजे आमची ईद."

"तुझ्या वरच्या मालकानं सांगितलाय तसा तू धर. मला माझ्या डॉक्टरनं सांगितलाय तसा म्या धरते."

मी विचारलं, "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"हे काय विचारती? तूच तर लिव्हलंय," आक्का म्हणाल्या आणि भिंतीकडं हात केला. "रोज उपाशी. सात महिने झाले, गोळी बंद व्हती तवाबी, भाकरीचा तुकडा न्हाय तोंडात. दुपारी खिचडी झाली की गोळी घेते."

"खिचडी झाली की?"

"मग? निस्ती घेतली की मळमळतंय. खिचडीनं काय उपास मोडत न्हाय."

मला आठवतंय की मी पहिल्यांदा काय केलं तर उठून तो कागद वाचला. आपण काय लिहिलं आहे ते मला माहीत नसल्यासारखा. मग मी खाली बसले आणि सांगितलं. पोट रिकामं असायला हवं होतं, एवढंच. गोळीच्या पुढं-मागं थोडा वेळ. बाकी दिवसभर सगळं खाल्लं तरी चालत होतं.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "भाकरी चालत होती?"

"चालत होती, आक्का."

"पहिल्यापास्नं?"

"पहिल्यापासून."

बाहेर अजान सुरू झाली. चाचीनं खजूर तोंडात टाकला, पाणी प्याली, आणि आक्कांच्या चुलीपाशी गेली. ज्वारीचं पीठ नव्हतंच घरात, सात महिने कशाला असेल. चाचीनं आपल्या घरून आणलं आणि तिथंच भाकरी थापल्या. आक्कांनी पहिली भाकरी कशाबरोबर खाल्ली नाही. नुसती खाल्ली, हळूहळू, कडेकडेनं तोडून. दुसरी मिरचीच्या ठेच्याबरोबर. चाची समोर बसून म्हणाली, "सावकाश. कोण हिसकावत न्हाय." मी निघाले तेव्हा आक्का म्हणाल्या, "संगे, तू बी खाऊन जा की." मी नको म्हणाले.

दोन दिवसांनी आम्ही सोलापूरला गेलो. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी पोटात तेलातुपाचं, शेंगदाण्याचं असताना घेतली तर रक्तात दुपटीनं उतरते, म्हणाले. म्हणजे एवढे महिने यांच्या लिव्हरनं दुप्पट डोस सोसला. वर एकाच तऱ्हेचं खाणं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही समजावून सांगितलं होतं ना?"

त्या खोलीत ते, मी, आक्का आणि एक सिस्टर एवढेच होतो. मला 'नाही' म्हणता आलं असतं. 'मी अर्धंच सांगितलं' एवढं म्हणलं असतं तरी झालं असतं. मी म्हणाले, "हो सर. सांगितलं होतं. पण त्यांनी गैरसमज करून घेतला."

आक्कांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. वीस अंगरख्यांसाठी गुरुजींना सुनावणारी ही बाई. मला वाटलं आता त्या बोलणार, आणि खरं सांगते, मला ते हवंही होतं. आक्का डॉक्टरांकडं वळल्या. "व्हय साहेब," म्हणाल्या. "पोरीनं सांगितलं होतं. मलाच उमगलं न्हाय. अडाणी माणूस."

आक्कांच्या तोंडून अडाणी हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

स्टँडवर आलो. मी म्हणाले, "आक्का, आत मी जे बोलले..." त्या म्हणाल्या, "त्या डॉक्टरच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय बघितला का? रेडिमेड घेत्यात, अन् मग असं होतं." मी पुन्हा सुरुवात केली. "गाडी लागली बघ," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. गाडीत त्यांना झोप लागली, किंवा त्यांनी डोळे मिटून घेतले.

गोळी कमी ताकदीची केली. मी रोज लॅबला जायच्या आधी, त्यांच्या पोटात काही जाण्याच्या आत, समोर उभी राहून ती द्यायचे. तासाभरानं भाकरी. आक्का तोंड उघडून दाखवायच्या, गेली म्हणून. आकडा ताळ्यावर आला, पण पुढच्या फोटोत डाग वाढलेले होते आणि नवे आलेले होते. गोळी बंद राहिली त्या आठवड्यांत वाढले असतील. किंवा कसंही वाढलेच असते. मी एकदा एकटीच जाऊन डॉक्टरांना विचारलं, पहिल्यापासून नीट घेतली असती तर काय झालं असतं. ते म्हणाले, "नीट घेऊनही काहींचं लिव्हर चढतं. काहींना गोळी वर्षभरच साथ देते. असं ठरवून सांगता येत नाही." ते खरं म्हणून सांगत होते की माझी दया येऊन, हे मी त्यांना विचारलं नाही. आणि मी काय लिहिलं होतं, हेही तेव्हासुद्धा सांगितलं नाही.

दुसरी गोळी देऊन पाहिली. ती महिनाभरही सोसली नाही. वैशाली आली आणि तिनं ठरवलं की आईला पुण्याला न्यायचं. तिथं आक्का आणखी दोन महिने होत्या. त्या गेल्याचं मला फोनवर कळलं, लॅबमध्ये. मी पोचू शकले नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते येरमाळ्याच्या स्टँडवर. दुपारची पुण्याची गाडी होती. वैशालीनं त्यांना पुढच्या खिडकीपाशी बसवलं आणि पाण्याची बाटली आणायला खाली उतरली. गल्लीतल्या बायका आल्या होत्या, चाची आली होती. गोळ्या बंद होऊन बरेच दिवस झाल्यामुळं आक्कांच्या पांढऱ्या केसांच्या मुळाशी बोटभर काळं आलं होतं. बायका एकमेकींना दाखवत होत्या. "बघा, केस काळे व्हायला लागले. आता बऱ्या होत्यात आक्का." आक्का त्यांना म्हणाल्या, "व्हय, आलाय रंग." ते केस का काळे होत आहेत हे त्या घोळक्यात मला एकटीलाच माहीत होतं. कदाचित आक्कांनाही असेल.

मी खिडकीचा गज धरून उभी होते. आदल्या दिवशी मी ठरवलं होतं काय म्हणायचं ते. दोनच वाक्यं होती.

आक्कांच्या शेजारच्या सीटवर कुणीतरी अनोळखी बाई होती, लातूरकडून आलेली. तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, "ही कोण? धाकटी लेक का?"

"न्हाय, शेजारची," आक्का म्हणाल्या. "पर लई शिकलेली हाय. कळंबला लॅबात असती. डॉक्टरचं इंग्रजी मला काय कळतंय? हिनंच मला सगळं समजावून सांगितलं."

बाईनं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. आक्का माझ्याकडं बघत नव्हत्या, पुढं बघत होत्या. वैशाली बाटली घेऊन धावत आली आणि चढली. कंडक्टरनं घंटी मारली.

"हात काढ, संगे," आक्का म्हणाल्या. "गाडी हालली."

मी हात काढला.